गाडी घाटात दमते. दोष टर्बोचाच कशावरून?
जुन्या टर्बो डिझेल गाड्यांची तपासणी क्रमाने कशी करावी

भोर आणि वेल्हे भागांतील गॅरेजवाल्यांना एक तक्रार नवी नाही. जुनी टर्बो डिझेल गाडी कापूरहोळपर्यंत नीट येते, भोर गावातही कुरकुर करत नाही, पण वरंधा घाटाच्या, पाबे घाटाच्या किंवा मांढरदेवीच्या चढाला लागली की दम सोडते. तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसऱ्यावर आणावी लागते. मागून काळा धूर निघतो. गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येऊन सांगते, "उस्ताद, पिकअप गेला." आणि पुष्कळदा पाच मिनिटांत निकाल लागतो, "टर्बो गेला, बदलावा लागेल."

हा निकाल गिऱ्हाइकाला फार महाग पडतो. टर्बो बदलायचा म्हणजे काही हजारांचे, बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत वीस-तीस हजारांचे काम. ज्याची जुनी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो वडापवर चालते, ज्याच्या पिकअपमधून रोज कोंबड्या, अंडी, तांदूळ किंवा आंबे जातात, त्याची ती दोन-तीन महिन्यांची कमाई असते. एवढे करून नवा टर्बो बसवल्यावरही गाडी त्याच चढावर तशीच दमली, तर गिऱ्हाईक पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढत नाही. चार लोकांना सांगतो ते वेगळेच.

खरी गोष्ट अशी आहे की बूस्ट कमी मिळण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांपैकी बहुतेक टर्बोच्या बाहेर असतात. फाटलेला होज, सैल क्लिप, चोंदलेला फिल्टर, तडकलेली व्हॅक्यूमची नळी या शे-दोनशे ते हजार रुपयांच्या गोष्टी आहेत. टर्बो खरोखर खराब झाला असला तरी तो बहुधा तेलामुळे किंवा धुळीमुळे झालेला असतो. ते मूळ कारण शोधल्याशिवाय नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी, महाग आणि अवघड गोष्टी शेवटी, या क्रमाने तपासणी कशी करावी ते या लेखात पाहू.

टर्बो करतो काय?

इंजिनात जितकी हवा जाईल तितकेच डिझेल नीट जळते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूत बरीच शक्ती वाया जात असते. तिच्या जोरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर दुसरा पंखा बसवून ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, ही कल्पना. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. आधी ती जहाजांच्या मोठ्या इंजिनांवर वापरली गेली. अमेरिकेत १९६२ मध्ये टर्बोच्या मोटारी विक्रीला आल्या.

आपल्याकडचे उदाहरण पुणे जिल्ह्यातलेच आहे. टेल्कोने १९९४ मध्ये सुमो आणली, तिचे इंजिन सुमारे दोन लिटरचे, बिनटर्बोचे होते. १९९८ मध्ये सफारी आली. तिचे इंजिनही त्याच घराण्यातले आणि तेवढ्याच आकाराचे, पण टर्बो आणि इंटरकुलर जोडलेले. सुमोची अश्वशक्ती पासष्टच्या आसपास, सफारीची पंच्याऐंशीच्या पुढे. हा फरक दाबून भरलेल्या हवेचा. पुढे २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणि २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली आणि टर्बो गावोगावी पोहोचला. आज आपल्या गॅरेजमध्ये येतात त्या याच पिढीच्या, पंधरा-वीस वर्षे चाललेल्या गाड्या.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे घेतो आणि तो साध्या बेअरिंगवर नव्हे, तर तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाबलेली हवा गरम होते, म्हणून ती इंटरकुलरमधून थंड करून इंजिनात सोडतात. बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा वर मिळालेला दाब. आपल्या सवयीच्या भाषेत सांगायचे तर एक बार म्हणजे साडेचौदा पौंड. टायरमध्ये आपण तीस पौंड हवा भरतो, त्याच्या निम्मी. बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांचा बूस्ट पूर्ण भारावर याच्याच आगेमागे असतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तकातून घ्यावा.

आधी विचारा, मग पाना उचला

गाडी आली की बॉनेट उघडण्यापूर्वी चालकाला बसवून पाच प्रश्न विचारावेत. शक्ती हळूहळू कमी झाली की एके दिवशी अचानक? एखादा आवाज येतो का? फुसफुस, शिट्टी की सायरनसारखा? इंजिन ऑइल कमी होते का, मध्ये भरावे लागते का? गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ नीट चालते का? अलीकडे कोणते काम केले, कोणती नळी काढली होती?

यातील प्रत्येक उत्तराला अर्थ आहे. अचानक शक्ती गेली आणि जोर दिल्यावर फुसफुस आवाज येतो, तर होज निसटला किंवा फाटला असण्याची शक्यता मोठी. बंद करून सुरू केल्यावर गाडी सुधारते, म्हणजे कॉम्प्युटरने दोष पाहून स्वतःहून शक्ती कमी केली होती. मग स्कॅनर लावलाच पाहिजे. हळूहळू शक्ती कमी झाली असेल तर फिल्टर चोंदणे, काजळी साचणे अशी कारणे आधी पाहावीत. आणि कालच कुणी तरी एअर फिल्टर बदलला असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

यानंतर गाडी चालवून पाहावी आणि धूर पाहावा. शक्ती नाही आणि काळा धूर आहे, याचा अर्थ डिझेल पोहोचते पण हवा कमी पडते. शक्ती नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच कमी मिळत असेल किंवा कॉम्प्युटरने ते कमी केले असेल. ज्या जुन्या मेकॅनिकल पंपांवर बूस्टची डबी असते, तिच्याकडे जाणारी बारीक नळी फाटली तरी असेच होते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. हा एवढा भेद ध्यानात ठेवला तरी निम्मा शोध लागतो.

टर्बोकडे जाण्यापूर्वी

काही दोष टर्बोचे सोंग घेऊन येतात. क्लच घसरत असेल तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही. चालकाला वाटते पिकअप गेला. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहत असेल तर ते चाक हाताला इतरांपेक्षा गरम लागते. डिझेल फिल्टर चोंदला किंवा पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी उतरले तरी घाटातच प्रथम कळते, कारण पूर्ण डिझेल तिथेच लागते. या गोष्टी पाहायला अर्धा तास लागतो, पण वगळू नयेत.

मग एअर फिल्टर. आपल्या भागात उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांची धूळ आणि पावसाळ्यात घाटमाथ्याचे धुके व मुसळधार पाऊस, दोन्ही त्याला मारतात. ओला झालेला कागदी फिल्टर सुकवून पुन्हा बसवू नये. फिल्टरच्या डब्याची झाकणे आणि क्लिपा नीट बसल्या आहेत का तेही पाहावे. तिथून आत गेलेली बारीक धूळ टर्बोच्या पंख्याची पाती सँडपेपरसारखी झिजवते. भाताच्या हंगामात चार-आठ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या हवेच्या नळीत उंदरांनी घरटे केल्याचे आणि व्हॅक्यूमच्या नळ्या कुरतडल्याचेही आढळते. टॉर्च लावून आत पाहण्याला पैसे पडत नाहीत.

होज आणि इंटरकुलर

टर्बोपासून इंटरकुलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज हे जुन्या गाडीचे सर्वांत कमजोर ठिकाण. पंधरा वर्षांच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने रबर फुगते, मऊ होते आणि बहुधा खालच्या बाजूला फाटते, जिथे डोळा जात नाही. इंजिन उभे असताना फट मिटलेली असते. जोर आला की उघडते. म्हणून नुसते पाहून "होज चांगला आहे" असे म्हणू नये. हात फिरवावा, दाबून पाहावा. एखाद्या ठिकाणी तेलाचा आणि धुळीचा काळा, ताजा पट्टा दिसला तर तिथूनच हवा बाहेर पडते.

पक्की खात्री करण्यासाठी दाबाची चाचणी घ्यावी. ती पंक्चरच्या दुकानातील सामानावर होते. टर्बोकडचा होज टर्बोवरून काढावा आणि इंजिनाकडचा होज मॅनिफोल्डवरून काढावा. दोन्ही तोंडांत योग्य मापाची बुचे बसवून क्लिपने आवळावीत. एका बुचात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला असावा. कॉम्प्रेसरवर रेग्युलेटर लावून हळूहळू हवा भरावी आणि पंधरा पौंडांच्या वर जाऊ नये. मग साबणाचे पाणी मारावे. जिथे बुडबुडे येतील तिथे दोष. इंटरकुलरचे टोकाचे प्लास्टिकचे भाग जिथे जाळीला जोडलेले असतात, तिथेही पाणी मारायला विसरू नये. चाचणी चालू असताना बुचाच्या समोर कोणी उभे राहू नये, शागीर्दांना तर मुळीच उभे करू नये. सुटलेले बूच डोळा फोडू शकते.

घाटात होज फाटला तर सायकलची ट्यूब गुंडाळून घरापर्यंत येणे ठीक आहे. पण त्या ट्यूबवर महिनोन्महिने गाडी चालवणे महागात पडते. हवा गळत असताना तेवढाच बूस्ट देण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते, धूर वाढतो, डिझेल जास्त जळते आणि शेवटी टर्बोही जातो. धुराच्या चाचणीत गाडी नापास होते हे वेगळेच.

एकच नळी, दोन उलट परिणाम

इथे अनेक चांगले मिस्त्रीही फसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बूस्ट गरजेपेक्षा वाढू नये म्हणून टर्बोवर डबीसारखा एक भाग असतो आणि त्यातून एक दांडी निघते. हा ॲक्च्युएटर. जुन्या गाड्यांत त्याचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार साध्या टर्बोचा. बूस्ट ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की त्याच दाबाने डबीतील पडदा ढकलला जातो, दांडी हलते आणि वेस्टगेट नावाची झडप उघडून जादा वायू बाजूने निघून जातो. इथे डबीकडे जाणारी नळी तुटली तर झडप उघडतच नाही. म्हणजे बूस्ट वाढतो. गाडी काही दिवस फार छान ओढते, चालक खूश असतो आणि मग कॉम्प्युटर शक्ती कापतो किंवा हेड गॅस्केट जाते. याउलट झडपच काजळीने किंवा गंजाने उघडी अडकली तर बूस्ट तयारच होत नाही.

दुसरा प्रकार फिरत्या पात्यांच्या टर्बोचा, ज्याला व्हीजीटी म्हणतात. महिंद्राच्या २.२ लिटर एमहॉक आणि सफारीच्या २.२ लिटर डायकॉर इंजिनांवर या जातीचे टर्बो आले. यात पात्यांचा कोन बदलून बूस्ट कमी-जास्त करतात. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या अशा टर्बोत व्हॅक्यूमने दांडी ओढली की पाती मिटतात आणि बूस्ट वाढतो. इथे नळी तुटली तर पाती उघडीच राहतात, म्हणजे बूस्ट कमी होतो. आणि काजळीमुळे पाती मिटलेल्या स्थितीत अडकली तर भरल्या गाडीने लांब चढ चढताना बूस्ट मर्यादेबाहेर जातो आणि घाटाच्या मध्यावर गाडी एकदम मरगळते. चालक सांगतो "बूस्ट कमी आहे", पण मूळ दोष बूस्ट जास्त झाल्याचा असतो.

म्हणून आपल्यासमोरची गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखावे. व्हॅक्यूमच्या व्हीजीटीची एक बिनखर्चाची परीक्षा आहे. एकाने गाडी सुरू करावी आणि दुसऱ्याने ॲक्च्युएटरच्या दांडीकडे पाहावे. सुरू होताच दांडी एका दमात ओढली गेली पाहिजे आणि बंद करताच सुरळीत परत आली पाहिजे. अडखळत, टप्प्याटप्प्याने हलली तर पात्यांत काजळी आहे. हललीच नाही तर हातपंपाने डबीला व्हॅक्यूम द्यावा. त्याने दांडी हलली आणि मिनिटभर तिथेच थांबली, तर डबी आणि पाती ठीक आहेत, दोष नळीत, विजेच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये किंवा व्हॅक्यूम पंपात आहे. दांडी ओढली गेली पण लगेच सुटली, तर डबीतील पडदा फाटला आहे. दुचाकीच्या साध्या हातपंपाने हे काम होत नाही. व्हॅक्यूमचा वेगळा हातपंप मिळतो, तो गॅरेजमध्ये असावाच.

नळी बदलताना पेट्रोलची नळी किंवा सलाइनची नळी लावण्याची सवय सोडावी. टर्बोजवळच्या उष्णतेत ती मऊ होऊन आत चिकटते आणि तोच दोष महिन्याभरात परत येतो. व्हॅक्यूमसाठी केलेली जाड भिंतीची नळी मीटरवर विकत मिळते.

भोरची हवा ९४, महाडची १०१

आता मीटर आणि स्कॅनरकडे वळू. मोबाइलला जोडणारे छोटे स्कॅनर आज स्वस्तात मिळतात आणि ज्या गाड्यांना कॉम्प्युटर आहे त्यांना ते उपयोगी पडतात. मात्र स्कॅनर दोषाचे नाव सांगतो, कारण सांगत नाही. पी ०२९९ हा कोड म्हणजे बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी, आणि पी ०२३४ म्हणजे बूस्ट मर्यादेपेक्षा जास्त. "टर्बो बदला" असा अर्थ यापैकी एकाचाही नाही. पहिला कोड फाटलेल्या होजनेही येतो आणि चोंदलेल्या फिल्टरनेही.

स्कॅनरवर इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा आकडा येतो. तो बाहेरच्या हवेसह एकूण दाब असतो, नुसता बूस्ट नव्हे. चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. अशा वेळी तो आकडा त्या गावाच्या हवेच्या दाबाइतका असला पाहिजे. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. भोर सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तिथे तो ९४ च्या जवळपास भरतो. म्हणजे घाट उतरून महाडला गेल्यावर तीच गाडी १०१ च्या आसपास दाखवेल आणि भोरला ९४. यात सेन्सरचा दोष नाही. पण भोरमध्ये इंजिन बंद असताना आकडा ८० किंवा ११० दिसला, तर सेन्सरच खोटे बोलतो आहे. बऱ्याचदा तो तेल आणि काजळीने बुजलेला असतो. काढून हलक्या हाताने, योग्य क्लीनरने साफ करून पुन्हा पाहावे.

यानंतर भारावर चाचणी. मांढरदेवीचा चढ यासाठी चांगला. रस्ता मोकळा असताना तिसऱ्या गिअरवर, साधारण दीड हजार फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत. चालकाने रस्त्यावरून नजर काढू नये. समजा आकडा २१० आला. त्यातून भोरचे ९४ वजा केले की बूस्ट ११६ किलोपास्कल, म्हणजे सुमारे १७ पौंड. स्कॅनरवर कॉम्प्युटरने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी दिसत असतील तर उत्तमच. मागणी आणि मिळकत यांच्यातील फरक भाराबरोबर वाढत गेला तर गळती शोधावी. मागणीपेक्षा मिळकत वर उसळून मग शक्ती तुटली तर पाती किंवा वेस्टगेट अडकले आहे.

ज्या जुन्या गाड्यांना कॉम्प्युटर नाही, त्यांच्या मॅनिफोल्डला टी जोडून साधा प्रेशर गेज लावावा. तो शून्यापासून मोजतो, त्यामुळे वजाबाकीची गरज नाही. व्हॅक्यूम पंप तपासतानाही उंची लक्षात ठेवावी. भोरमध्ये पूर्ण व्हॅक्यूमच पाऱ्याच्या सुमारे ७०७ मिलिमीटरचा, तेव्हा पुस्तकात समुद्रसपाटीचा मोठा आकडा लिहिला असेल तर तो इथे मिळणार नाही. तेवढ्यासाठी चांगला पंप बदलू नये.

हवेची बाजू स्वच्छ निघाली तर सायलेन्सरची बाजू पाहावी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा किंवा गॅस्केटला गळती असेल तर थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो आणि तिथे काजळीचा डाग दिसतो. पंखा फिरवणारा वायूच बाहेर पडल्यावर टर्बो काय करणार? ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी वायू दुसरीकडे वळतो आणि काळा धूर येतो. तो काढून साफ करावा.

टर्बो उघडण्याची वेळ

इतके सर्व पाहिल्यावरच टर्बोच्या तोंडाचा होज काढावा. इंजिन पूर्ण बंद आणि थंड असावे. फिरत्या पंख्याजवळ बोट नेले तर बोट राहत नाही.

दांडा बोटांनी धरून पाहावा. तो बाजूला किंचित हलतो, ते नैसर्गिक आहे, कारण तेलाच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. "दांडा हलतो" एवढ्यावरून कितीतरी चांगले टर्बो भंगारात गेले आहेत. पंख्याचे पाते घराला घासते का हे पाहायचे. पुढे-मागे मात्र हालचाल जाणवताच कामा नये. पात्यांच्या कडा तुटलेल्या, वाकलेल्या किंवा झिजलेल्या असतील तर टर्बो गेला आणि त्याचे कारण एअर फिल्टरच्या बाजूला शोधायचे.

होजमध्ये तेलाचा पातळ थर असणे जुन्या गाडीत सामान्य आहे. तेल साचून गळत असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. टर्बोतून तेल परत जाणारी नळी चोंदली आहे का, इंजिनाचा ब्रीदर बंद आहे का, आणि पिस्टन रिंग झिजून इंजिनाच्या पोटात दाब वाढला आहे का. यापैकी काहीही असेल तर टर्बोला तेल खाली सोडता येत नाही आणि ते सीलमधून बाहेर पडते. नवा टर्बोही त्या जागी तेल टाकणारच.

टर्बो बदलायचाच असेल तर तेल आणणारी नळी नवी घालावी किंवा आतून पूर्ण साफ करावी. जळलेल्या तेलाचे खडे तिथे अडकलेले असतात. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा. इंटरकुलर काढून त्यातील सर्व तेल आणि पात्यांचे तुकडे झटकावेत. ही शेवटची गोष्ट जिवाची आहे. इंटरकुलरमध्ये राहिलेले तेल इंजिनाने ओढले तर डिझेल बंद केले तरी इंजिन त्या तेलावर सुसाट पळते आणि चावीने बंद होत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा बंद करावी, कधीही हात किंवा कापड लावू नये. नव्या टर्बोत तेल भरून, आधी डिझेल बंद ठेवून स्टार्टर फिरवून तेल वर चढवावे. मग इंजिन सुरू करून काही मिनिटे संथ चालू द्यावे, लगेच रेस करू नये.

तपासणीची मजुरी घ्या

आता धंद्याची गोष्ट. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने नोंदवले आहे की मुस्लिमांत स्वयंरोजगाराचे प्रमाण मोठे आहे, आणि वाहनदुरुस्ती हा त्यातील एक ठळक व्यवसाय. आपल्या मुलांच्या हातात हे कसब आहे. पण आपल्या गॅरेजमध्ये पैसे पार्ट बदलण्याचे मिळतात, दोष शोधण्याचे मिळत नाहीत. दोन तास डोके लावून दीडशे रुपयांची नळी बदलली तर गिऱ्हाईक पन्नास रुपये पुढे करते. टर्बो बदलला तर मजुरीही मिळते आणि दुकानदाराकडून वर काही सुटते. मग मिस्त्रीचा हात आपोआप टर्बोकडे जातो. यात सगळा दोष मिस्त्रीचा नाही, पण नुकसान दोघांचे आहे.

यावर उपाय सरळ आहे. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती गाडी हातात घेण्यापूर्वी सांगावी. दोष सापडला नाही तरी ती द्यावी लागेल, आणि काम इथेच केले तर बिलातून तेवढी वजा होईल, असे म्हटले की गिऱ्हाइकालाही पटते. गाडीची एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, धुराचा रंग, चढावरचा बूस्ट, काय तपासले आणि काय निघाले, हे चार ओळींत लिहावे. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि दोष दाखवावा. वर्षभरात त्या वहीतून कोणत्या गाडीचा कोणता होज कुठे फाटतो हे तोंडपाठ होते, आणि शागीर्दाला शिकवायला त्याहून चांगले पुस्तक नाही.

नाना पेठेत किंवा अन्यत्र टर्बो घेताना पार्ट नंबर जुळवून घ्यावा, पक्के बिल घ्यावे आणि दुरुस्त केलेला टर्बो असेल तर तो बॅलन्स केला आहे का हे विचारावे. लाख फेरे घेणाऱ्या दांड्याला नुसते नवे बेअरिंग घालून भागत नाही.

गाडीमालकांसाठी

गाडीमालक व्यापारी बंधूंनीही काही पथ्ये पाळावीत. ठरलेल्या प्रतीचे ऑइल ठरलेल्या किलोमीटरवर बदलावे. तिथे वाचवलेले हजार रुपये टर्बोत दहापटीने जातात. सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट तेल चढू द्यावे, लगेच रेस करू नये. घाट चढून वर आल्यावर भज्यांच्या टपरीसमोर गाडी उभी करताच चावी फिरवू नये. एखादे मिनिट इंजिन संथ चालू ठेवावे म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल जळून बसणार नाही. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. त्या तपासणीपूर्वी काळ्या धुराचे कारण शोधून घ्यावे.

आणि पुढच्या वेळी "टर्बो गेला" असे कोणी सांगितले तर भांडण न करता तीन प्रश्न विचारावेत. होजची दाबाची चाचणी घेतली का? दांडी आणि व्हॅक्यूम पाहिला का? चढावर बूस्ट किती भरला? चांगल्या मिस्त्रीजवळ तिन्हींची उत्तरे तयार असतात. त्याची तपासणीची मजुरी खुशीने द्यावी. आणि आपल्या ज्या भावांचे गॅरेज आहे त्यांनी, गिऱ्हाइकाने विचारण्याची वाट न पाहता, ही उत्तरे स्वतःहून त्याच्यासमोर ठेवावीत.